सावरीचा कापूस

माझा स्वभाव तापट. आता तोंडात दात उरले नाहीत, तरी तो काही गेला नाही. तेव्हा तर मी बावीस वर्षांचा होतो आणि वर मॅट्रिक पास, म्हणजे आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेलं.

वडील अमरावतीला कॅम्पातल्या एका कचेरीत चपराशी होते. ते गेल्यावर घर थोरल्या भावाच्या हाती आलं. घर म्हणजे एक खोली आणि पुढे टिनाचं छप्पर, माणसं नऊ. त्यात माझं लग्न झालं. आम्ही धम्म घेतल्याला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. लग्न नव्या रीतीने लागलं, हार आणि वंदना, बाकी काही नाही. सगळं नवं नवं वाटत होतं, पण जागा जुनीच होती. मी पुरुषांबरोबर छपराखाली झोपायचो आणि बायको जावेजवळ आत. त्यातही तिला दिवस गेले. ते कसे, हे आता नातवंडांनी विचारू नये.

दिवाळीनंतर एका दुपारी जेवताना भाऊ म्हणाला, "मॅट्रिक झाला, पन दोन भाकरी कमवता येत नाही. आता तिसरं तोंड येऊन राहिलं. बायको काय हवा खाईन?"

बायको चुलीपाशी होती. तिने ऐकलं आणि मान खाली घातली. ती मान मला सहन झाली नाही. मी ताटावरून उठलो आणि म्हणालो, "मले अकोल्यात पक्की नोकरी लागली हाय. उद्याच चाललो आमी."

साफ खोटं. खरं एवढंच होतं की ओळखीच्या एका माणसाने सांगितलं होतं, अकोल्याला अमुक एका जिनात हंगामापुरता लिहिणारा माणूस लागतो, मुनिमाला भेटून पाहा. कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायचा जो कारखाना, त्याला आमच्याकडे नुसतं जिन म्हणतात. हंगाम दिवाळी ते होळी. त्यात पक्कं काय असणार?

भाऊ चिडला असता तर बरं झालं असतं. तो हसला. म्हणाला, "जा. पंधरा दिवसांत वापस येशीन." ते हसणं घेऊन मी दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या गाडीत बसलो. सोबत एक ट्रंक, पाण्याचा पितळी गुंड, थोडी भांडी आणि दोन उशा. उशा सासऱ्यांनी आंदण दिलेल्या. त्यांचं गाव अंजनगावच्या पुढे, मेळघाटाच्या पायथ्याशी. तिकडे भर उन्हाळ्यात काटेसावरीची बोंडं फुटतात. सासऱ्यांनी ती स्वतः गोळा करून त्यातला कापूस लेकीच्या उशांत भरला होता. अशी मऊ उशी आमच्या घराण्यात तोवर कोणी डोक्याखाली घेतली नव्हती.

जिनातल्या मुनिमाने माझं अक्षर पाहिलं, बरं आहे म्हणाला, आणि मला बदलीवर ठेवलं. बदली म्हणजे काय, तर रुईच्या गाठी मोजून वहीत लिहिणारे दोन बाबू तिथे कायमचे होते. त्यातल्या एकाला दमा होता. त्याचा दमा उसळला की मला काम. तो बरा असला की मी मोकळा. रोज संध्याकाळी फाटकापाशी जाऊन विचारायचं. मुनीम एक तर म्हणायचा, "उद्या ये," नाही तर, "उद्या नको." त्या दोन शब्दांवर आमचा संसार होता. दुसऱ्याचा दमा वाढावा म्हणून देवाजवळ मागणारा माणूस मी. बरं झालं की देव तोवर आम्ही सोडले होते.

खोली मिळाली ती मोर्णा नदीच्या अलीकडे, जुन्या शहरात. मालकीण आमच्याच समाजातली एक विधवा बाई. नवरा मिलमध्ये होता, तो वारला, मूलबाळ नाही. तिने स्वतः वीस वर्षं जिनात काढलेली. रेच्यावर कापूस टाकायचं काम बायाच करायच्या, रेचा म्हणजे सरकी काढायचं यंत्र. त्या धुळीने तिचा आवाज कायमचा बसला होता, आणि बोलणं असं की समोरच्याने दोन पावलं मागे सरकावं. तिच्या घरामागे दोन खोल्या होत्या, कवेलूच्या छपराच्या, शेणाने सारवलेल्या. आमच्या दाराशी जायला एकच वाट होती, तिच्या ओट्यासमोरून. आणि ती दिवसभर ओट्यावर. कधी तूर निवडत, कधी नुसतीच.

"मले कामाचा माणूस पायजे," तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. "घरात बसणारा नाही. मागचा भाडेकरी दिवसभर माह्या ओट्यावर पत्ते कुटे. हाकलला मी त्याले. तू काय करतं?"

"जिनात हाव, मावशी. लिहिण्याचं काम."

"पक्कं?"

"पक्कं," मी म्हणालो. पुन्हा तेच खोटं बोलताना जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

बायको गुंड डोक्यावर घेऊन मागे उभी होती. तिला मी अकोल्याला येताना गाडीतही सांगितलं होतं की नोकरी पक्की आहे. तिने विचारलं नव्हतं. मीच आपला सांगत सुटलो होतो.

त्या दोन खोल्यांत आल्यावर ती किती खुलली ते मी पाहत होतो. भिंतीला पांढरी माती दिली. कोनाड्यात तथागतांची तसबीर लावली. चूल स्वतः घातली, दोनदा मोडून तिसऱ्यांदा मनासारखी झाली. आतल्या खोलीचं दार लावून घ्यायची, उघडायची, परत लावायची. मी म्हणालो, "काय करून राहिली?" तर म्हणे, "काही नाही. आपलं दार हाय, लावून पाहून राहिली." हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. मला उलट धाकच वाटला. ही खोली गेली तर दुसरीकडे कुठे जाणार? थोरल्याच्या दारात, पुन्हा त्या छपराखाली, आणि त्याच्या हसण्यासमोर. मेलो तरी ते नको, असं मी मनाशी घोकत होतो.

पहिल्या आठवड्यात चार दिवस काम लागलं. संध्याकाळी घरी यायचो तेव्हा केसांत, भुवयांवर, सदऱ्याच्या खांद्यावर रुईचे तंतू चिकटलेले असायचे. जिनात पाऊल टाकणारा कोणीही तसाच बाहेर येतो. घरमालकीण ओट्यावरून बघायची. माझ्या तोंडाकडे नाही, आधी खांद्याकडे. मग चिमटीने एखादा तंतू उचलायची आणि समाधानाने म्हणायची, "हं. काम चाललं वाटते जोरात." मग तोंडाकडे पाहायची.

दुसऱ्या आठवड्यात मुनीम म्हणाला, "उद्या नको." परवाही नको. दम्याच्या बाबूला कुठल्याशा वैद्याची पुडी लागू पडली होती. त्या वैद्याला मी मनातल्या मनात जे काही म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सकाळी नेहमीच्या वेळी भाकरी बांधून निघालो. दिवस वाचनालयात काढला, मग असदगड किल्ल्याच्या तटाखाली. शिळं वर्तमानपत्र जाहिरातींसकट दोनदा वाचलं. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी आलो आणि एकदम लक्षात आलं की माझा सदरा स्वच्छ आहे. ओट्यावर ती बसलेली. तिने खांद्याकडे पाहिलं. मग तोंडाकडे पाहिलं.

"आज काहून असा कोरा?"

"आज हपिसात बसलो व्हतो. हिशोबाचं काम."

"हं," ती म्हणाली आणि पुन्हा तुरीकडे वळली. पण ते 'हं' वेगळं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको पाण्याला गेली असताना मी माझ्या उशीची शिवण एका कोपऱ्यात बोटभर उसवली. आतून चिमूटभर कापूस काढला, कागदात गुंडाळला, खिशात घातला. जमिनीवर सांडलेला फुंकून ट्रंकेखाली सारला. संध्याकाळी पिठाच्या गिरणीमागे आडोशाला उभा राहून केसांत, कॉलरला, भुवयांना तो लावला. लवकर बसेना, उडून उडून जात होता. थुंकी लावून बसवला. मान न हलवता ओट्यापुढून निघालो. तिने खांद्याकडे पाहिलं, चिमटीने उचलला, दोन बोटांत चोळला. जरा जास्तच वेळ चोळला असं तेव्हाही वाटलं होतं.

"हं," ती म्हणाली. "जाय. हात पाय धू."

सुटलो! घरात जाऊन मी चक्क शीळ घातली. मॅट्रिकच्या डोक्याला तोवर एवढंच ठाऊक होतं की कापूस पांढरा असतो. मी शहरात वाढलेला, कापूस पाहिला तो बाजाराला जाणाऱ्या गाड्यांत.

मग ते रोजचंच झालं. 'उद्या ये' असलं तर खराखुरा कापूस, 'उद्या नको' असलं तर उशीतला. त्या हंगामात नकोच जास्त होते. उशी हळूहळू बसत चालली. एक दिवस जेवण वाढता वाढता बायको म्हणाली, "तुमची उशी हलकी झाली वाटते."

मी भाकरी मोडत म्हणालो, "उंदीर लागले असतीन."

"असतीन," ती म्हणाली आणि वरण वाढलं.

दुसऱ्या दिवशी तिने मालकिणीकडून उंदरांचा पिंजरा मागून आणला. त्यावरून ओट्यावर रामायण झालं. "माह्या घरात उंदीर? वीस वर्सांत उंदीर नाही पाह्यला मी या घरात!" पण पिंजरा दिला. तो आमच्या ट्रंकेजवळ आठ दिवस भाकरीचा तुकडा घेऊन तोंड उघडून बसला होता. रात्री कूस बदलली की तो नजरेला पडायचा आणि माझी झोप उडायची. उंदीर अर्थातच आला नाही. बायको मात्र पिंजऱ्याबद्दल पुन्हा एक शब्द बोलली नाही, आणि मीही विचारला नाही. ती रोज सकाळी मी निघाल्यावर दोन्ही खोल्या झाडायची, ट्रंक सरकवून झाडायची. हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ माझ्या टाळक्यात शिरला नव्हता.

होळी जवळ आली. होळीनंतर सासरे तिला पहिल्या बाळंतपणासाठी न्यायला यायचे होते. ते येणार, घर पाहणार, जिन पाहायला चला म्हणणार. माझी चिडचिड वाढत चालली. भाकरी जाड झाली म्हणून ओरडायचो, पाणी गरम नाही म्हणून ओरडायचो. ती ऐकून घ्यायची. तिने उलट एक शब्द बोलावा असं वाटायचं, म्हणजे मला आणखी ओरडता आलं असतं.

एक दिवस 'उद्या नको' होतं, म्हणून उशीतला कापूस घेऊन निघालो; पण संध्याकाळी आलो तेव्हा ओटा रिकामा. मालकीण कोणाच्या तरी मयतीला गेली होती. नसतं सोंग करायची गरज पडली नाही. कागदाची पुडी तशीच खिशात राहिली. त्या संध्याकाळी मी बऱ्याच दिवसांनी मोकळा जेवलो.

दुसऱ्या दिवशीही 'नको'च होतं. पुडी खिशात होतीच, उशीला हात लावायचं कारण नव्हतं. मी ठरवलं, आता हे पुरे. बार्शीटाकळीकडे एका जिनात माणूस हवा आहे असं कळलं होतं, तिकडे जाऊन पाहावं. पहाटेच निघालो. अर्धी वाट पायी, अर्धी एका रिकाम्या बैलगाडीत. तिथल्या शेटने अक्षर पाहिलं, जात विचारली, आणि मग हंगाम संपत आला असं सांगितलं. हंगाम संपत आला होता हे खरं होतं. पण जात विचारायच्या आधीही तो संपतच आला होता. रागाने कानशिलं तापली. त्याच तंद्रीत भर उन्हात परत निघालो.

अकोला जवळ आलं तेव्हा उन्हं कलली होती. नदीपलीकडे स्टेशनच्या बाजूला आभाळ काळपट दिसत होतं. मला वाटलं, मालगाडीचं इंजिन असेल. मी जुन्या शहराच्या बाजूने आलो, आणि त्या संध्याकाळी फाटकापाशी विचारायला जायचा माझ्यात जीव उरला नव्हता. गिरणीमागे थांबलो, पुडी सोडली, नेहमीसारखा कापूस लावला. आज जरा जास्तच लावला, कारण आज दिवसभर मी जिनापासून फारच लांब होतो. तोंडावर हसू आणून ओट्यासमोर गेलो.

"लय काम व्हतं आज, मावशी," मी आपण होऊन म्हणालो. "मान वर करता आली नाही."

ती ओट्यावर उभी होती. तिच्या लुगड्याला काळे डाग होते. ती खाली उतरली, माझ्या खांद्यावरचा कापूस चिमटीत धरला, माझ्या डोळ्यांसमोर नेला आणि फुंकला. तो चमकत, तरंगत, सरळ वर गेला.

"जिनातली रुई अशी उडते काय गा?" तिचा बसका आवाज कापत होता. "सावरीचा हाय हा. बह्याड समजतं काय मले? जिन जळालं आज. दुपारी कापसाच्या गंजीले आग लागली. भोंगा वाजू वाजू बसला. साऱ्या अकोल्यानं पाह्यलं. तू कुठी व्हता?"

मी वळून स्टेशनच्या बाजूच्या काळपट आभाळाकडे पाहिलं.

"तुई बायको भोंगा ऐकून धावली. सातवा महिना, पायात चप्पल नाही. मी मांगून पळाली, पन ते काय थांबते? फाटकात शिरून राहिली व्हती. येक येक माणसाचं तोंड पाहे. समदे काळे झालेले, वयखू येत नव्हते. मुनिमानं सांगतलं तवा थांबली. म्हणे, तो तं आठ दिवस झाले कामावर नाही."

मी आत धावलो. बायको भिंतीला टेकून बसली होती. तोंड काजळलेलं, पाय पुढे पसरलेले. तळव्यांना फोड आलेले. सुईण येऊन गेली होती, पोटातलं ठीक आहे म्हणाली होती, हे मला नंतर कळलं. चुलीवर एक पातेलं झाकून ठेवलेलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या केसांतल्या पांढऱ्या कापसाकडे पाहिलं.

आणि मी काय केलं असेल? मी ओरडलो. "कोणी सांगतलं व्हतं तुले धावाले? काही झालं असतं म्हणजे?"

हे मी आयुष्यात कोणाला सांगितलेलं नाही. पुढे मी बऱ्याच चुका केल्या, त्यांतल्या बऱ्याच विसरलोही. ते ओरडणं विसरता येत नाही. तिने तोंड भिंतीकडे केलं. मी पातेल्यावरचं झाकण उचललं, काहीतरी करायचं म्हणून. आत गोळाभात होता, डाळीचे वळलेले गोळे घातलेला. गोळाभात आमच्याकडे सणावारी किंवा पाहुणा आला तर होतो. त्या दिवशी कोणताच सण नव्हता. तो कशासाठी केला हे विचारायचं मला धैर्य झालं नाही. दोघांनीही तो खाल्ला नाही.

सकाळी मी ट्रंक ओढून भांडी भरायला घेतली. खोली गेली हे धरूनच चाललो होतो. मालकीण दारात येऊन उभी राहिली.

"काय करून राहिला?"

"खोली खाली करतो, मावशी."

"ते भांडे ठेव खाली. चाल माह्यासंगं."

ती मला जिनात घेऊन गेली. अर्धं अंगण काळं, ओलं, धुमसत होतं. जळक्या गंजीतून जो कापूस आतून वाचला होता तो निवडून वेगळा करायचं काम सुरू झालं होतं. पंधरावीस बाया ओळीने बसल्या होत्या. सगळ्या तिच्या ओळखीच्या. तिने मुकादमाला काहीतरी सांगितलं आणि मला बोटाने जागा दाखवली, बायांच्या मध्ये. स्वतः माझ्या शेजारी बसली. जिन सोडून तिला कितीतरी वर्षं झाली होती.

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. "बाबू आला वं, लिहिणारा!" माझी मान आपोआप खाली गेली. पण हात चालू केले. जळका एकीकडे, पिवळा पडलेला दुसरीकडे, चांगला टोपलीत. दुपारपर्यंत माझी बोटं काळी झाली आणि मला पहिल्यांदा कळलं की जिनातला कापूस बोटाला चिकटतो, जड असतो, त्यात पानाचा चुरा असतो, सरकीचा वास असतो. सावरीच्या कापसाचं याच्याशी काही नातं नाही. आंधळ्यालाही कळलं असतं.

"मावशी," मी विचारलं, "तुमाले कवापासून माहीत व्हतं?"

"पहिल्याच दिवशी. वीस वर्सं रेच्यावर बसली मी. मले सावर शिकवतं काय?"

"मंग बोलल्या काहून नाही?"

तिने हातातला कापूस फोडला, आतला पांढरा भाग टोपलीत टाकला. "मीच बोलली व्हती नं, कामाचा माणूस पायजे म्हणून. तोंडानं म्हटलं असतं की मले समजलं, तं खोली खाली करा लागली असती. मंग ते पोटुशी पोरगी कुठी धाडू? नाही समजलं, तं नाही समजलं." मग दुसरा पुंजका उचलत म्हणाली, "पन काल तिले धावताना पाह्यलं आन् वाटलं, आपूनच तोंड उघडलं असतं तं बरं झालं असतं."

संध्याकाळी आम्ही दोघं घरी आलो, दोघंही डोक्यापासून पायापर्यंत काळे. ओट्यापाशी येऊन ती सवयीने माझ्या खांद्याकडे पाहायला वळली, आणि तशीच आत गेली.

बायको लंगडत उठली होती. तिने पाणी तापवलं होतं. मी हात पुढे केले, ती ओतू लागली. काळं पाणी नालीकडे वाहत होतं. सकाळपासून मनात जुळवलेली वाक्यं होती, माफीची, समजावणीची. त्यातलं एकही तोंडातून निघेना. शेवटी म्हणालो, "मी तुले सांगाले पायजे व्हतं की काम पक्कं नाही."

"मले माहीत व्हतं," ती म्हणाली.

मी मान वर केली.

"तुमी कापूस काढत तवा तो उडे. ट्रंकेखाली जाये, चुलीमांगं जाये. मी रोज झाडताना काढो. ज्या दिवशी निघाला त्या दिवशी काम नाही, हे मले समजे."

"मंग काल?" मी विचारलं. "माहीत व्हतं तं काल काहून धावली?"

तिने तांब्या खाली ठेवला. काल दिवसभर न रडलेली ती आता रडू लागली.

"काल झाडताना कापूस निघाला नाही," ती म्हणाली. "ट्रंक सरकवली, चुलीमांगं पाह्यलं. कुठीच नाही. मले वाटलं, आज काम लागलं तुमाले. म्हणून तं गोळाभात टाकला."

माझ्या ओल्या हातांवरून पाणी निथळत होतं. खिशात अजून ती पुडी होती, रिकामी, कागद फक्त. आत जाऊन मी तो चुलीत घातला. मग माझी उशी काढून तिच्यासमोर ठेवली, आणि सुईदोरा मागितला.